चार बोटं पेट्रोल

हुमनाबाद,
घटस्थापनेच्या आधीचा सोमवार, सन १३५२ फसली (इंग्रजी १९४३)

प्रिय उमाजी,

पत्र हातात घेताच दचकू नकोस. घरात कुणी गेलं न्हाई, कुणी अंथरुणाला खिळलं न्हाई. माय धडधाकट आहे. सकाळी दोन भाकरी खाऊन वर मलाच म्हणाली, म्हाळसा, तुझ्या हातची भाकर हल्ली जाड होयलीय. म्हणजे बघ! नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली न्हाई आणि आज एकदम ताव घेऊन बसले, म्हणून हे आधी सांगितलं. पुस्तकातल्यासारखं नीट लिहावं म्हणते, पण बोलणं मधीच घुसतं. त्याला तूच जबाबदार. अक्षरं तू शिकवलीस, बोलणं मात्र मला शिकवावं लागलं न्हाई.

कंपन्या एक झाल्याची बातमी तुझे मालक गुरुपादय्या यांनी तुला दिली असंलच. पण तो माणूस चार शब्दांची गोष्ट दोन शब्दांत उरकतो आणि पान चघळत बसतो. म्हणून माझ्याकडून ऐक. गेल्या शुक्रवारी गुलबर्ग्याच्या कचेरीत कागद झाला. आपली मल्हारी सर्व्हिस आणि त्यांची आळंदची बसवेश्वर सर्व्हिस, दोन्ही मिळून आता एक. आपल्या तीन लॉऱ्या, त्यांच्या दोन. गुलबर्गा स्टेशनात उतरलेले पेट्रोलचे डबे, टायर, ट्यूब, स्प्रिंगाचे पाटे, सगळा मोटारीचा माल एकाच नावानं उचलायचा, आणि हुमनाबाद, चिटगुप्पा, कल्याणी, आळंद, जिथं कुठं मोटारवाला डोक्याला हात लावून बसला असंल तिथं नेऊन टाकायचा. दोन वर्षांमागं कुणी मला हे सुचवलं असतं तर मी त्याला पायरीवरनंच परत धाडलं असतं. आज मीच गावात गूळ वाटायलेय.

गाव काय बोलायलंय तेही तुझ्या कानावर येईल, म्हणून तेही सांगते. पेठेतले गुंडेराव माझ्या तोंडावर म्हणाले, की म्हाळसा, धनगराची गाडी नेऊन आळंदच्या लिंगायत अय्याच्या गोठ्यात बांधलीस. मी म्हटलं, गुंडेराव, टायर न्हाई म्हणून अठरा दिवस तुमच्या दुकानी माल आला न्हाई, तवा तो कुणाच्या गोठ्यातनं यावा असं तुमचं म्हणणं होतं? त्यांनीच दुसऱ्या दिवशी गुळाचा खडा मागून घेतला. लोकांचं काय, चालत्या गाडीला खीळ घालायला सगळे तयार, ढकलायला कुणी न्हाई.

तुला आठवतात का रे कोहिनूर गावच्या माळावरची आपली मेंढरं? माझ्या लग्नात अप्पांनी मला वीस मेंढ्या आंदण दिल्या होत्या. दोन वर्षांत माझं कुंकू पुसलं आणि त्याच मेंढ्या हाकत मी माहेरी परत आले. मेंढ्या वाढत गेल्या. पुढं अप्पांनी सगळा कळप विकून जुनी लॉरी घ्यायची म्हटली तवा अर्ध्याहून जास्त मेंढरांच्या कानावर माझी खूण होती, म्हणून गाडीचा कागद माझ्या नावावर झाला. तुला त्याचं कधी वाईट वाटलं न्हाई. उलट तू नौबादच्या मिस्त्रीकडं तीन महिने राहून गाडी शिकून आलास, आणि कळपाच्या पुढं चालणाऱ्या चांदी मेंढीची घंटा बॉनेटला बांधून गाडीलाच चांदी म्हणायला लागलास. दुपारी माल उतरला की गाडीखालच्या सावलीत आपण दोघं पालथे पडायचो, आणि तू फळीवर कोळशानं मला अक्षरं काढून दाखवायचास. लोक श्री पासून शिकतात, मी पेट्रोलच्या प पासून शिकले. टायर लिहिता आलं त्या दिवशी मी अख्ख्या फाटकावर टायर टायर लिहून ठेवलं होतं आणि माय ओरडली होती.

अप्पांची एक गोष्ट हल्ली सारखी आठवते. एका उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या कळपाला अर्ध्या पाण्यावर ठेवून कुणा परक्याच्या मेंढरांना डोणीतलं पाणी पाजलं होतं. घरी येऊन चकार शब्द बोलले न्हाईत. तो माणूस दोन वर्षांनी कांबळं घेऊन आला तवा मायला कळलं. माय चिडली, मला कामून सांगितलं न्हाई म्हणून. अप्पा म्हणाले, वाटेवर दिलेलं देणाऱ्यानं सांगायचं नसतं. घेणाऱ्यानं सांगावं. आपल्यात सगळेच तसं मानतात. मीही मानते. पण मानणं वेगळं आणि वेळेला ध्यानात येणं वेगळं, हे मला लई उशिरा कळलं.

असो. कंपनीकडं येते. लढाईला चार वर्षं झाली, त्यात आपल्या धंद्याचं काय झालं ते तू रस्त्यावर रोज बघायलास. पेट्रोल कुपनावर, टायर परवान्यावर. माझ्याकडं तीन लॉऱ्या, पण टायर दोघींपुरतेच. तिसरी विटांवर उभी. गुरुपादय्यांकडं टायर परवान्यानं आलेले, पण त्यांची एक गाडी इंजिन खोलून पडलेली. त्यांचं कुपन महिन्याच्या वीस तारखेला संपायचं, माझं बावीसला. दोघांच्याही गाड्या स्टेशनातनं अर्ध्या भरून निघायच्या, एकमेकींच्या मागं पुढं, आणि कमलापूरच्या चढावर दोघी धापा टाकायच्या. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला तर दोघं गावाला पोचतात. आम्ही दोघं शहाणे मात्र वेगवेगळं चाचपडत होतो.

म्हणून आषाढात मी आळंदला गेले. तू गुलबर्ग्याला गेलेला असशील असा दिवस बघून गेले, हे कबूल करते. मनात एवढंच होतं, की महिना अर्धा अर्धा वाटून घ्यावा, पंधरा दिवस त्यांनी माल उचलावा, पंधरा दिवस मी. नऊ वर्षं ज्या माणसानं माझी गिऱ्हाइकं पळवली, ज्यानं स्टेशनात माझ्याकडं बघून कधी मान हलवली न्हाई, त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं जिवावर आलं होतं. पण मी गेले. त्यांच्या बायकोनं, लिंगम्मांनी, अंबील दिली, मी प्याले. गेले होते पंधरा दिवसांचं बोलायला आणि उठले ते दोन्ही कंपन्या कायमच्या एक करायच्या ठरवून. मधी तासाभरात काय झालं ते लिहायचंच आहे, पण आधी कचेरीतली गंमत वाच.

नावावरनं घोडं अडणार असं सगळ्यांना वाटलं होतं. बसवेश्वर आधी की मल्हारी आधी? आमचे वकील अण्णाराव तर दोन दिवसांची तयारी करून आले होते. मी म्हटलं, बसवेश्वर आधी लिहा. अण्णाराव चष्मा काढून माझ्याकडं बघायला लागले. गुरुपादय्यांचं पान तोंडातच राहिलं. सही कुणाची वर? त्यांची. मुख्य कचेरी कुठं? आळंदला. प्रत्येकाला मी हो म्हणत गेले, तशी अण्णारावांना माझी काळजी वाटायला लागली. त्यांनी मला बाहेर नेऊन विचारलं, की बाई, तब्येत बरी आहे ना? मग मी माझी एकच अट सांगितली. बाकी गाड्या आपापल्या मालकाच्या नावावर राहोत, कंपनीनं भाड्यानं चालवाव्यात. पण जुनी चांदी, आणि ती जिथं उभी राहते ते शेड, अंगण नि फाटक, एवढं सगळ्यात आधी कंपनीच्या नावावर चढलं पाहिजे. माझं नाव त्यावरनं पुसलं पाहिजे. अण्णाराव म्हणाले, लोक चांगलं आपल्याकडं ठेवतात आणि मोडकं कंपनीला देतात हे समजतं, पण बाई, तुम्ही राहतं अंगण कामून देताय? मी म्हटलं, लिहा.

कागद उर्दूत. मी तो अण्णारावांकडनं तीनदा वाचून घेतला. तिथला कारकून मला विचारतो, घरचं पुरुष माणूस कुठंय? मी म्हटलं, पुरुष माणूस लॉरी चालवायलाय, त्याला सवड न्हाई, तुम्ही शाई द्या. अंगठ्याची पेटी पुढं सरकवत होता, मी टाक उचलला आणि म्हाळसाबाई असं सरळ लिहिलं. प पासून शिकलेली असले तरी म मला चांगला येतो. गुरुपादय्या पहिल्यांदा हसले. त्यांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

आता मायचं. नऊ वर्षं तू फाटकाच्या आत आला न्हाईस. कल्याणीला माल टाकून परतताना लिंबापलीकडं गाडी उभी करतोस, दोनदा भोंगा वाजवतोस, आणि माय हातातलं टाकून पदराखाली भाकरी घेऊन रस्त्यावर येते. मी आतनं बघते. तुला वाटत असंल अक्का बघत न्हाई. रोज बघते. तू रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून खातोस, माय उन्हात उभी राहून तुझ्या पाठीवरनं हात फिरवते, आणि स्वतःच्या घरापासनं पन्नास पावलांवर तिला स्वतःचा लेक पाहुण्यासारखा जेवू घालावा लागतो. पावसात तिच्या भाकरीवर पाणी पडतं. गुडघे दुखायलेत तिचे, पण भोंगा वाजला की पळते. मागच्या महिन्यात फाटकाच्या दगडाला ठेचकाळली. पडली न्हाई, घाबरू नकोस. पण मला म्हणाली, म्हाळसा, मी चालती आहे तवर ठीक आहे गं. 

तो दिवस मी कधी विसरले न्हाई, उमा. तू गुलबर्ग्याहून चांदी घेऊन आलास. मी नेहमीसारखी खाचा पाडलेली बांबूची काठी टाकीत घातली. पेट्रोल चार बोटं कमी. हमाल होते, चिटगुप्प्याची गिऱ्हाइकं होती, माय दारात होती. मी विचारलं, पेट्रोल कुठं गेलं? तू गप. परत विचारलं. तू गप. त्या काळात ड्रायव्हर लोक वाटेत पेट्रोल विकायचे, आणि आपल्या घरात तसलं होऊ द्यायचं न्हाई ही माझी ऐट. तुझ्या गप्पपणाला मी कबुली समजले, आणि सगळ्यांसमोर तुला चोर म्हणाले. तू सीटसमोरच्या डबीतला भंडारा मुठीत घेतलास. तुझे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. ही गाडी म्हाळसाच्या मालकीची आहे तवर मी तिच्यात पाय ठेवणार न्हाई, आणि म्हाळसाच्या फाटकाच्या आत येणार न्हाई. भंडारा कपाळाला लावलास, उरलेला बॉनेटवर उधळलास आणि चालत निघालास. मी थांबवलं न्हाई. उलट म्हणाले, चार दिवसांत येईल पोट धरून.

आता आळंदच्या ओट्यावरची गोष्ट. मी अंबील पीत होते आणि एक पोरगी तांब्या घेऊन आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, डोळे बापासारखे. नाव विचारलं, तर म्हणाली उमव्वा. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, देवीचं नाव ठेवलंत, बरं केलंत. लिंगम्मा म्हणाल्या, देवीचं न्हाई, तुमच्या भावाचं. मग त्यांनीच सगळं सांगितलं. दिवस भरले होते, मूल आडवं आलेलं, सुईणीनं हात टेकले. गुरुपादय्या त्यांना लॉरीत घालून गुलबर्ग्याच्या दवाखान्यात निघाले, आणि शहराच्या अलीकडं गाडीतलं पेट्रोल संपलं. दोन गाड्या न थांबता गेल्या. तू स्टेशनातनं आळंद रस्त्यावरच्या एका गिऱ्हाइकाचा डबा पोचता करून परत फिरला होतास, म्हणून त्या रस्त्यावर होतास. थांबलास, काही न विचारता चांदीच्या टाकीतनं नळीनं पेट्रोल काढून दिलंस, आणि निघालास. घेणाऱ्यानं सांगायचं, ते त्यांनी नऊ वर्षांनी सांगितलं. कारण त्यांना वाटत होतं मला ठाऊक आहे! ठाऊक असून, बाळंतीण वाचवली म्हणून मी भावाला हाकललं, असं ते धरून चालले होते. म्हणून गुरुपादय्या माझ्याकडं बघून मान हलवत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर थुंकले असते.

उमा, मी त्या ओट्यावर रडले. परक्याच्या दारात, अंबिलीचा वाडगा हातात धरून. ज्या अप्पांची गोष्ट मी दहा जणांना अभिमानानं सांगते, तीच गोष्ट माझ्या अंगणात परत घडली आणि मी काठी बघत बसले. तू अप्पांसारखा वागलास आणि मी तुला चोर म्हणाले. मी चुकले. हे मी तुझ्यासमोर उभी राहूनही म्हणणार आहे, आणि त्या वेळचे हमाल नि चिटगुप्प्याची दोन गिऱ्हाइकं मी शोधून काढली आहेत, त्यांच्यासमोरही म्हणणार आहे.

पण मला ठाऊक होतं, की मी सतरांदा चुकले म्हटलं तरी तू येणार न्हाईस. भंडारा उचलून बोललेला शब्द माफीनं सुटत न्हाई. तो मोडायला मी तुला कधीच सांगणार न्हाई, आणि तू मोडलास तर मलाच आवडणार न्हाई. म्हणून मी त्या ओट्यावर डोळे पुसले आणि पंधरा दिवसांचं बोलणं टाकून दिलं. गुरुपादय्यांना म्हटलं, कंपन्या एक करू. मैलारला खंडोबाच्या देवळात जाऊन म्हाताऱ्या वाघ्याला तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले आणि विचारलं, ही शपथ कशी फिटंल. तो म्हणाला, देव शब्दाला धरतो, मालकी गेली की शपथ फिटली. टायर, कुपन, परवाने, सगळ्यांचा फायदा झाला, ते मी नाकारत न्हाई. मी धंद्याची बाई आहे, तोट्याचा सौदा करणार न्हाई. पण हा सौदा केला तो ह्याच्यासाठी. चांदी आता म्हाळसाची न्हाई. फाटक म्हाळसाचं न्हाई. तुझा शब्द खरा राहिला, खाली पडला न्हाई. खंडेनवमीला पाचही लॉऱ्या ह्या अंगणात पूजेला उभ्या राहणार आहेत. चांदीचं हँडल तू मारायचं, तोवर नारळ फुटणार न्हाई, हे मी गुरुपादय्यांना सांगून ठेवलंय. ते लिंगम्मांना आणि उमव्वाला घेऊन येणार आहेत. मायला अजून काही सांगितलं न्हाई. त्या दिवशी लिंबापलीकडं थांबू नकोस. भोंगा फाटकाच्या आत येऊन वाजव, म्हणजे तिला पळावं लागणार न्हाई. आणि ती खाचांची काठी शोधू नकोस, आज सकाळी मी ती मोडून चुलीत घातली. तिच्यावर मी भाकर भाजली, आणि तीच भाकर जाड झाली असं माय म्हणायलीय.

तुझीच,
म्हाळसाअक्का